पिंपातले पाणी आणि ताटातला घास

गिरगावातल्या जुन्या चाळीत दिवसाची सुरुवात नळाने होते. ठाकुरद्वार असो, मुगभाट असो की फणसवाडी, पाणी येण्याची वेळ ठरलेली असते. आधी नळातून हवेची फुसफुस ऐकू येते, मग गढूळसर धार येते आणि ती स्वच्छ झाली की कुणीतरी गॅलरीतून ओरडते, "पाणी आलं!" पुढच्या तासा-दीड तासात कळशी, हंडा, बादली आणि मोरीच्या कोपऱ्यातले पिंप भरून ठेवायचे. एवढ्या पाण्यावर दिवस काढायचा असतो.

या पिंपाने गिरगावच्या कितीतरी पिढ्यांना हिशेब शिकवला. तांदूळ धुतलेले पाणी गॅलरीतल्या तुळशीला. कपडे विसळलेले पाणी मोरी धुवायला. आंघोळीला एक बादली, आणि पाहुणे असतील तर तीही थोडी कमी. दुपारी पिंपात डोकावले की किती वापरले आणि किती उरले, ते डोळ्यांना दिसत असे. याला कोणी पर्यावरण म्हणत नव्हते. घर चालवण्याची ती रीत होती.

आता गिरगावचे रूप वेगाने पालटते आहे. चाळींच्या जागी मनोरे उभे राहत आहेत, जमिनीखालून मेट्रो धावू लागली आहे. ज्यांनी आयुष्यभर बादल्या उचलल्या, त्यांच्या घरी चोवीस तास पाणी आले, याचा आनंदच व्हायला हवा. पण पिंपाबरोबर पाण्याचा हिशेबही घराबाहेर गेला. टाकी गच्चीवर, पंप तळघरात, वापरलेले पाणी भिंतीआडच्या पाइपात. काहीच दिसत नाही, त्यामुळे काही संपते आहे असे वाटतही नाही.

टंचाईने शिकवलेली काटकसर मुबलकतेत टिकवायची कशी? हा प्रश्न रमजानच्या महिन्याशी अगदी जवळचा आहे. रोजेदाराच्या घरात पाण्याची टंचाई नसते. माठ भरलेला असतो, फ्रिजमध्ये थंड बाटल्या असतात. तरीही सहेरीनंतर सूर्यास्तापर्यंत तो पाण्याला हात लावत नाही. समोर असूनही न घेणे, हा रोजाचा गाभा आहे. निर्जळी एकादशी करणाऱ्या घरांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

एका अटीवर राहिलेला तलाव

गिरगावच्या आसपासची नावे जरा आठवून पाहा. सी. पी. टँक, धोबी तलाव, गोवालिया टँक, दोन टाकी. नावात पाणी आहे, पण जागेवर ते दिसत नाही. नळ येण्याआधीची मुंबई विहिरी आणि तलावांवर जगत होती. १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी नळाने शहरात आले. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मलेरियाच्या भीतीने अनेक विहिरी झाकल्या गेल्या, तलाव बुजवले गेले. शहर आपल्या पायाखालचे पाणी विसरत गेले.

या सगळ्यात एक तलाव राहिला. गिरगावातून काळबादेवी ओलांडून शेख मेमन स्ट्रीटवर गेले की जामा मशीद लागते. तिचे बांधकाम १७७५ मध्ये सुरू झाले आणि १८०२ मध्ये पूर्ण झाले. ही मशीद चक्क एका तलावावर उभी आहे. तलाव जसाच्या तसा राखायचा, या अटीवर बांधकाम झाले, अशी नोंद आढळते. दगडी कमानी पाण्यातून वर येतात आणि इमारतीचा भार पेलतात. तलावाला आतल्या झऱ्यांचे पाणी आहे, त्यात आजही मासे फिरताना दिसतात. कापड बाजाराच्या गजबजाटातून आत शिरणाऱ्या माणसाला एकदम थंडावा जाणवतो. इमारत हवी आणि पाणीही राखायचे, असा व्यवहार या शहरात सव्वादोनशे वर्षांपूर्वी जमला होता, एवढे त्यातून नक्की कळते.

नमाजाआधी हात, तोंड, पाय धुण्याच्या क्रियेला वुजू म्हणतात. प्रेषित हजरत मुहम्मद (स.) एका 'मुद'भर पाण्यात वुजू करत, असे हदीसमध्ये नोंदले आहे. मुद हे त्या काळचे माप. आजच्या हिशेबात सुमारे एक लिटर, किंवा त्याहूनही कमी. वाहत्या नदीकाठी बसला असलात तरी पाणी वाया घालवू नका, अशी शिकवणही त्यांच्या नावे सांगितली जाते. गरजेपेक्षा जास्त खर्चण्याला इस्लाममध्ये 'इसराफ' असा शब्द आहे आणि कुरआनने खाण्यापिण्याच्या संदर्भातच त्याला मनाई केली आहे.

आता आजचा हिशेब मांडू. मिनिटाला सहा लिटर पाणी देणारा नळ दोन मिनिटे सुरू ठेवून वुजू केला, तर बारा लिटर जातात. दिवसाच्या पाच नमाजांचे झाले साठ लिटर. तोच वुजू तोटीच्या लोट्याने केला तर पाच-सात लिटरमध्ये काम होते. जुन्या घरांमध्ये असा लोटा असायचाच. हाच हिशेब नळ सोडून दात घासणाऱ्यांना आणि दाढी करणाऱ्यांनाही लागू आहे. तिथे धर्माचा भेद नाही.

शंभर किलोमीटरवरची तहान

गिरगावच्या नळाला येणारे पाणी मलबार हिलच्या जलाशयातून येते. हँगिंग गार्डनमध्ये फिरायला जाणाऱ्या कित्येकांना आपण त्याच जलाशयाच्या छतावर चालतो आहोत, याची कल्पना नसते. तिथवर ते पाणी फार दुरून येते. तुळशी आणि विहार हे दोन लहान तलाव शहराच्या हद्दीत आहेत. बाकी तानसा, मोडक सागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा आणि भातसा हे सगळे ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांत. मुंबईला रोज मिळणाऱ्या पाण्यातला जवळपास निम्मा वाटा एकट्या भातसाचा आहे.

भातसा आणि तानसा शहापूर तालुक्यात आहेत. त्याच शहापूर तालुक्यातल्या अनेक गाव-पाड्यांना दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. धरण जवळ, पण पाणी मुंबईच्या वाटेवर. डोक्यावर हंडे घेऊन विहिरीच्या तळाशी साचलेले पाणी वाटीवाटीने भरणाऱ्या बायकांचे फोटो एप्रिल-मे महिन्यांत वर्तमानपत्रांत येतात. दिवसभर कोरड राखलेल्या रोजेदाराला त्या फोटोतली तहान थोडी तरी कळायला हवी. फरक एवढाच, की त्याची तहान मगरिबच्या अजानला संपते. शहापूरच्या पाड्यावर ती पाऊस येईपर्यंत चालते.

गिरगावात वाचवलेली बादली उद्या शहापूरला पोहोचणार नाही, हे खरे. मग वाचवून उपयोग काय? उपयोग पुढच्या धरणाशी आहे. मुंबईची वाढती तहान भागवण्यासाठी पालघर जिल्ह्यात गारगाई धरणाचा प्रकल्प आखला आहे. त्यातून रोज ४४० दशलक्ष लिटर पाणी मिळणार आणि त्यासाठी तानसा अभयारण्याच्या परिसरातले जंगल व काही आदिवासी गावे पाण्याखाली जाणार. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख होती. एवढ्या माणसांनी रोज फक्त दहा लिटर पाणी वाचवले, तर १२४ दशलक्ष लिटर होतात. म्हणजे या नव्या धरणाच्या पाण्याचा चौथा हिस्सा, आणि तोही एकही झाड न तोडता. जमिनीखालच्या गळतीत आणि चोरीत जाणारे पाणी याहून कितीतरी जास्त आहे. ते थांबवणे महापालिकेचे काम आहे आणि तो आग्रह नागरिकांनी धरलाच पाहिजे. पण पालिकेकडे बोट दाखवताना आपल्या मोरीतला नळ ठिबकत नाही ना, हेही पाहायला हवे.

दहा लिटर वाचवणे अवघड नाही. शॉवरऐवजी बादली घेतली तर एका आंघोळीतच तेवढे वाचते. ठिबकणाऱ्या नळाखाली रात्री भांडे ठेवावे आणि सकाळी ते मोजावे, म्हणजे प्लंबरला बोलवायची घाई आपोआप होते. दुसरी गोष्ट आरओ यंत्राची. हे यंत्र जेवढे पाणी पिण्यासाठी देते, त्याहून जास्त अनेकदा नळीवाटे फेकून देते. आरओची गरज मुख्यतः क्षार जास्त असलेल्या पाण्याला असते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांची, म्हणजे टीडीएसची, इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. मुंबईच्या धरणांचे पाणी मुळात गोडे असून त्यातले क्षार या मर्यादेच्या खूप खाली असतात. पालिकेचेच पाणी येत असेल तर साधे गाळण्याचे किंवा यूव्ही यंत्र पुरते. टँकरचे किंवा बोअरचे पाणी मिसळत असेल, तर आधी तपासून घ्यावे. आरओ असेलच, तर त्याच्या नळीखाली बादली ठेवावी. ते पाणी लादी पुसायला चालते.

चाळीचेही सगळेच कौतुक करण्यासारखे नव्हते. सकाळी नवे पाणी आले की कालचे भरलेले पाणी 'शिळे झाले' म्हणून मोरीत ओतून द्यायचे, ही सवय कित्येक घरांत होती आणि आजही आहे. झाकून ठेवलेले स्वच्छ पाणी एका रात्रीत शिळे होत नाही. ते ओतायचेच असेल तर कपडे धुवायला ओतावे.

ताट स्वच्छ, वाटी भरलेली

रमजानमधली दुसरी कसोटी ताटाची. दिवसभराच्या उपवासानंतर डोळ्यांची भूक पोटाच्या भुकेपेक्षा मोठी होते. इफ्तारला फळांचा ढीग कापला जातो, भजी आणि समोसे तळले जातात. खजूर, सरबत आणि चार घास पोटात गेले की मगरिबच्या नमाजाची वेळ होते, आणि उरलेली फळे काळी पडत जातात. संयमाच्या महिन्यात काही घरांतला कचऱ्याचा डबा एरवीपेक्षा जड होतो, ही गोष्ट मुस्लिम समाजाने स्वतःच मान्य करायला हवी.

उपायही शेजारीच आहे. भेंडी बाजारातल्या दाऊदी बोहरा कुटुंबांत आठ-नऊ माणसे एका मोठ्या थाळाभोवती बसून जेवतात. चिमूटभर मिठाने सुरुवात होते आणि थाळात दाणाही उरू द्यायचा नाही, असा दंडक असतो. सामूहिक जेवणावळीत अन्न वाया जाऊ नये म्हणून या समाजाची 'दाना कमिटी' काम करते. किती माणसे येणार हे आधी विचारायचे, तेवढेच शिजवायचे आणि उरलेले त्याच दिवशी गरजूंपर्यंत पोहोचवायचे. लग्न असो, सत्यनारायण असो की गणेशोत्सवातला महाप्रसाद, हा हिशेब कुठेही चालण्यासारखा आहे.

पानात टाकायचे नाही, हे मराठी घरातही पहिल्या पंगतीपासून शिकवले जाते. कालचा भात आज फोडणीचा होतो, उरलेल्या पोळ्यांचा कुस्करा होतो. दोडक्याच्या शिरांची आणि दुधीच्या सालींची चटणी होते, कोथिंबिरीचे देठ आमटीत जातात. मुस्लिम घरात उरलेल्या रोटीचा मलीदा होतो आणि शिळ्या पावाचे शाही टुकडे. काल उरलेले आज नव्याने वाढायचे, ही कला दोन्ही स्वयंपाकघरांना येते. आणि शेजारची वाटी रिकामी परत करायची नाही, हा चाळीतला नियम तर दोघांचाही. दिवाळीच्या फराळाचा डबा जातो आणि ईदला शीरखुर्मा घेऊन परत येतो. त्यात प्लास्टिकची पिशवी कुठेच लागत नाही.

इफ्तारची पाकिटे वाटताना मात्र ती लागते. महाराष्ट्रात प्लास्टिकच्या पिशव्या, थर्माकोलची ताटे आणि एकदा वापरून फेकायच्या वस्तूंवर २०१८ पासून बंदी आहे. तरी सार्वजनिक इफ्तारनंतर आणि मंडळांच्या जेवणानंतर रस्त्यावर काय पडलेले असते, ते सगळ्यांना ठाऊक आहे. स्टीलचे पेले आणि ताटे भाड्याने मिळतात. धुवायला चार हात जास्त लागतात, पण रमजानमध्ये अशा हातांची वाण नसते.

टाकलेला घास कुठे जातो, तेही पाहावे. मुंबईत रोज सहा हजार टनांहून अधिक कचरा निघतो आणि त्यातला मोठा भाग ओला, म्हणजे स्वयंपाकघरातला असतो. देवनारच्या क्षेपणभूमीवर १९२७ पासून कचरा पडतो आहे. ओला कचरा दाबला गेला की कुजताना त्यातून मिथेन वायू निघतो आणि तो पेट घेतो. जानेवारी २०१६ मध्ये देवनारला लागलेली आग कित्येक दिवस धुमसत होती. तो धूर गोवंडी-शिवाजीनगरच्या वस्तीने श्वासातून घेतला. गिरगावातल्या डब्यात एकत्र टाकलेली केळ्याची साल आणि प्लास्टिकची पिशवी त्या धुरात सामील असते.

म्हणून दोन डबे हवेतच. त्याच्या पुढची पायरी म्हणजे घरचे खत. भोके पाडलेला मातीचा माठ किंवा जुनी बादली घ्यावी. तळाशी नारळाच्या शेंड्या, त्यावर भाजीची देठे, फळांच्या साली, चहाचा चोथा आणि प्रत्येक थरावर वाळलेली पाने किंवा कोरडी माती पसरावी. वास आला तर ओलावा जास्त झाला असे समजून कोरडे वाढवावे. हाडे, मटण आणि तेलकट अन्न त्यात घालू नये. दोन-तीन महिन्यांत तुळशीला आणि कढीपत्त्याला पुरेल एवढे खत तयार होते. ज्या मोठ्या सोसायट्यांतून रोज शंभर किलोंहून जास्त ओला कचरा निघतो, त्यांनी तो आवारातच जिरवावा, असा पालिकेचा आग्रह २०१७ पासून आहे. गिरगावातल्या नव्या मनोऱ्यांनी ताबा घेतानाच ही जागा दाखवा म्हणून बिल्डरला विचारायला हरकत नाही.

दारावर येणारी माणसे

एके काळी गिरगावच्या वाड्यांमधून दिवसभर हाळ्या ऐकू येत. कल्हईवाला भाता लावून बसे. तापलेल्या पातेल्यात नवसागर टाकला की पांढरा धूर निघे, मग कथिलाची कांडी फिरवून कापसाच्या बोळ्याने पातेले चांदीसारखे उजळे. पिंजारी खांद्यावर धनुकली घेऊन येई आणि दबलेल्या गादीतला कापूस पिंजून पुन्हा फुलवून देई. बोहारीण जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी देई आणि एका वाटीसाठी अर्धा तास घासाघीस चाले. धार लावणारा, छत्री दुरुस्त करणारा, रद्दीवाला असे सगळे येत. यातले कितीतरी कारागीर मुस्लिम होते आणि गिऱ्हाइके बहुतेक हिंदू. जुनी वस्तू टिकवण्याच्या कामाने दोन वस्त्यांना जोडून ठेवले होते.

वस्तू दुरुस्त करायची थांबली की ती फक्त कचऱ्यात जात नाही, ती दुरुस्त करणाऱ्या माणसाचे येणेही थांबते. ईदसाठी प्रत्येकाला चार जोड हवेतच का, दिवाळीला परदे बदलायचेच का, हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. पण जुन्या साड्यांची गोधडी शिवून घ्यावी, मिक्सर बिघडला तर आधी दुरुस्तीवाल्याला दाखवावा, पितळी पातेले मोडीत न घालता त्याला कल्हई लावून घ्यावी. त्याने घरातला कचरा कमी होतो आणि कुणाच्या तरी घरची चूल पेटते.

हवेची आणि विजेची गोष्टही जुन्या घरांकडूनच शिकता येते. खोताच्या वाडीतली लाकडी घरे पाहावीत. पुढे ओटा, उतरती कौले, समोरासमोर खिडक्या. वारा आत यावा आणि बाहेर जावा, अशी ती बांधलेली आहेत. नव्या घरात दुपारी पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा आणि संध्याकाळी समोरासमोरच्या खिडक्या उघड्या, एवढे तरी करता येते. वातानुकूलन यंत्र लावायचेच झाले तर ते २४ अंशांवर ठेवावे. तापमान एका अंशाने वाढवले की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे सांगणे आहे. कडधान्ये आणि हलीमचे गहू रात्रीच भिजत घातले आणि कुकरमध्ये शिजवले, तर गॅसही निम्म्यावर येतो.

ईदच्या चंद्रानंतर

तीस दिवस ही सवय लागायला पुरेशी मुदत आहे. पण सगळे एकदम करायला गेले की काहीच टिकत नाही. एका घराने या महिन्यात एकच गोष्ट धरावी. कुणी वुजूला लोटा घ्यावा, कुणी ताट चाटूनपुसून उठावे, कुणी खताचा माठ सुरू करावा. रोजा न धरणाऱ्या शेजाऱ्यानेही यातले एखादे व्रत घ्यायला हरकत नाही. त्याला ना मुहूर्त लागतो, ना चंद्र दिसावा लागतो.

गिरगावात सध्या रोज कुठले ना कुठले बिऱ्हाड सामान बांधते आहे. कपाटे नव्या घरी जातात, देव्हारा जातो, जुने फोटो जातात. पिंप मात्र जिन्याखाली राहते, कारण नव्या घरात त्याचे काम नसते. निदान एक कळशी तरी बरोबर न्यावी. रात्री ती भरून स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवावी आणि पाणी तिच्यातूनच प्यावे. सकाळी तिच्यात किती उरले, ते घरातल्या मुलांना दाखवावे.